रोटरी एंजिनाचीं दोन दारें

मोटार आज आपल्या इतक्या परिचयाची झाली आहे कीं, ती चालते कशी हा प्रश्न आपणांस सहसा पडत नाहीं. पायाखालची पट्टी दाबली म्हणजे गाडी धांवते, एवढें ज्ञान आपल्या व्यवहारास पुरतें. परंतु ती पट्टी दाबल्यावर आंत काय घडतें असें कोणीं विचारलें, तर आपल्यापैकीं बहुतेकजण 'पेट्रोल अधिक जातें' असें उत्तर देतील. तें अर्धेंच खरें आहे. पट्टी दाबल्यानें प्रथम उघडतें तें हवेचें दार. जितकी हवा आंत येईल, तिच्या प्रमाणांत पेट्रोल तिच्यांत मिसळलें जातें. या दारास थ्रॉटल म्हणतात, आणि तें ज्या धातूच्या नळकांड्यांत बसविलेलें असतें त्यास थ्रॉटल बॉडी म्हणतात. दार म्हणजे एक गोल चकती. तिच्या मधोमध एक दांडी असते. दांडी एका बाजूस फिरली कीं चकती आडवी होऊन वाट बंद करते. उलट फिरली कीं ती प्रवाहाला आपली धार दाखवून उभी राहते आणि वाट मोकळी होते.

बहुतेक मोटारींत सबंध एंजिनाला मिळून हवेचें एकच प्रवेशद्वार असतें. त्याऐवजीं एंजिनाच्या प्रत्येक कक्षाला स्वतःचें स्वतंत्र दार दिलें तर काय साधतें, आणि असें दार हातानें घडवावयाचें तर कशाची काळजी घ्यावी लागते, हा आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे. उदाहरणासाठीं मीं जपानांतील हिरोशिमा येथील माझ्दा कंपनीचें १३बी या नांवाचें रोटरी एंजिन घेतलें आहे. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, अमेरिका या देशांतील हौशी कारागीर या एंजिनावर असे प्रयोग पुष्कळ वर्षें करीत आले आहेत. त्याला रोटर दोनच असल्यामुळें हिशेबहि सोपा आहे. आणखी एक कारण आहे. ज्या गाड्यांत हें एंजिन चाकें फिरवीत असे, त्या आतां नव्या निघत नाहींत. आर्‌एक्स-७ ही गाडी २००२ सालीं बंद झाली, आर्‌एक्स-८ ही २०१२ सालीं. २०२३ सालीं माझ्दानें एमएक्स-३० गाडींत रोटरी पुन्हां आणलें खरें. पण तें ८३० घनसेंटिमीटरचें, एकाच रोटरचें असून त्याचें काम केवळ वीज निर्माण करण्याचें आहे. तेव्हां जुन्या १३बी एंजिनावर जो कारागीर हात चालवितो, तो फार जपण्याजोग्या वस्तूवर हात चालवितो. त्याची चूक सहजासहजीं भरून निघत नाहीं.

प्रथम हें एंजिन श्वास कसा घेतें तें पाहूं. नेहमींच्या एंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत खालींवर होतो. रोटरी एंजिनांत दट्ट्या नाहीं. फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेंतून निघालेलें हें एंजिन जर्मनींतील एन्‌एस्‌यू कंपनींत १९५७ सालीं प्रथम चालूं झालें. माझ्दानें १९६१ सालीं त्याचा परवाना मिळविला आणि १९६७ सालीं कॉस्मो स्पोर्ट ही दोन रोटरांची गाडी विक्रीस काढली. कमरेशीं किंचित् दाबलेल्या लंबगोल घरांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत आहे, अशी कल्पना करा. हाच रोटर. त्याचीं तिन्ही टोकें घराच्या भिंतीला सतत टेकलेलीं असतात, म्हणून रोटर आणि भिंत यांच्यामध्यें तीन कप्पे पडतात. रोटर फिरेल तसे हे कप्पे लहानमोठे होतात. कप्पा वाढतांना हवा व पेट्रोल आंत ओढलें जातें, आकसतांना तें दाबलें जातें. मग ठिणगी पडते, जळलेला वायु पसरतांना रोटरला ढकलतो, आणि शेवटीं धूर बाहेर पडतो.

१३बी मध्यें मुख्य दांड्याची विकेंद्रता १५ मिलिमीटर, रोटरच्या मध्यापासून टोकापर्यंतचें अंतर १०५ मिलिमीटर आणि रोटरची रुंदी ८० मिलिमीटर आहे. या तिन्हींचा गुणाकार करून त्यास ३ च्या वर्गमुळाच्या तिपटीनें गुणिलें म्हणजे सुमारें ६५४ घनसेंटिमीटर येतात. एका कप्प्याचा हा एक श्वास. रोटरच्या एका फेऱ्यांत मुख्य दांडा तीन फेरे घेतो. रोटरला बाजू तीन. म्हणून दांड्याच्या दर फेऱ्यास एका रोटरचा एक श्वास पडतो. चार टप्प्यांच्या दट्ट्याच्या एंजिनांत श्वास दोन फेऱ्यांतून एकदां आणि तोहि स्थूलमानानें १८० अंशांपुरता असतो. येथें तो सुमारें २७० अंश चालतो. दोन्ही रोटर एकमेकांच्या १८० अंश मागेंपुढें असल्यामुळें एकाचा श्वास संपण्यापूर्वींच दुसऱ्याचा सुरू होतो. प्रत्येक फेऱ्यांत दोन वेळां, नव्वद नव्वद अंशांपुरते, दोघेहि एकाच वेळीं हवा ओढीत असतात.

आतां कारखान्याची मूळ रचना पाहा. प्रवेशाशीं एक थ्रॉटल बॉडी, तिच्यामागें हवेची पेटी, आणि पेटींतून प्रत्येक रोटरकडे जाणाऱ्या नळ्या. गाडी मंद चालत असतांना दार जवळजवळ मिटलेलें असतें आणि रोटरांनीं ओढून ओढून दारापलीकडील हवा विरळ केलेली असते. समजा, दारापलीकडील पेटी व नळ्या मिळून तीन लिटरांची जागा आहे आणि तेथील दाब बाहेरच्या दाबाच्या दोनपंचमांश आहे. दार एकदम उघडलें तर ही जागा भरण्यासच बाहेरची सुमारें १.८ लिटर हवा खर्ची पडते. जुन्या वाड्याचा दिंडीदरवाजा उघडला तरी पाहुण्याला चौक ओलांडूनच माजघरांत यावें लागतें, तसेंच हें. तेंच दार प्रत्येक रोटरच्या अगदीं तोंडाशीं आणलें आणि मधली जागा अर्ध्या लिटरवर आणली, तर नळीमागें ०.३ लिटर हवेंत काम भागतें. गाडीवाले ज्याला 'पिक-अप' म्हणतात, त्याची तत्परता येथून येते. पाय हालला कीं एंजिन हाललें, असें वाटूं लागतें.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. हवेची पेटी म्हणजे केवळ अडगळ नव्हे. एका रोटरच्या द्वाराशीं उठलेली दाबाची लाट पेटींतून दुसऱ्या रोटरकडे नेऊन तिच्या जोरावर त्यांत थोडी अधिक हवा भरावयाची, अशी रचना माझ्दाच्याच अभियंत्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत योजिली होती. पेटी काढली कीं ही मदत गेली. तेव्हां स्वतंत्र दारें बसविल्यानें एंजिनाची कमाल शक्ति वाढेलच, असें समजूं नये. रस्त्यावर चालणाऱ्या एंजिनांत शक्तीची मर्यादा पुष्कळदां भिंतींतील द्वारांच्या आकारानेंच ठरलेली असते.

गेलेल्या मदतीची भरपाई नळीच्या लांबीनें करतां येते. बांसरी लांब केली कीं स्वर उतरतो, आंखूड केली कीं चढतो, हें आपण जाणतां. रोटरनें हवा ओढण्यास आरंभ केला कीं नळींत विरळतेची एक लाट उठते. ती ध्वनीच्या वेगानें, म्हणजे सेकंदास सुमारें ३४० मीटर, नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तेथून दाबाची लाट होऊन परतते. द्वार मिटण्याच्या सुमारास ती येऊन पोहोंचली तर जातां जातां मूठभर हवा अधिक कोंबते. नळी ४० सेंटिमीटर असेल तर या जाण्यायेण्यास सुमारें २.३५ सहस्रांश सेकंद लागतात. मिनिटास ८००० फेरे घेणारा दांडा तेवढ्या वेळांत सुमारें ११३ अंश फिरतो. ४००० फेऱ्यांच्या गतीला तो केवळ ५६ अंशच फिरतो. म्हणजे एक लांबी एकाच गतीला मानवते. कमी गतीस नळी लांब हवी, अधिक गतीस आंखूड. १९९१ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दाच्या ७८७बी गाडींत चार रोटरांचें एंजिन होतें, आणि त्याच्या नळ्या दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणें एकमेकींत सरकून गतीनुसार लहानमोठ्या होत असत. हौशी कारागिराला तें साधत नाहीं. आपण गाडी कोणत्या गतीस अधिक चालवितों हें त्यानें मनाशीं ठरवावें आणि तीच लांबी धरावी.

आतां प्रत्यक्ष घडणीकडे वळूं. १३बी च्या चार द्वारांच्या जातींत प्रत्येक रोटरला हवा दोन भोकांतून मिळते. एक मधल्या ओतीव लोखंडी भिंतींतून आणि दुसरें टोकाच्या भिंतींतून. तेव्हां दारें दोन करावयाचीं कीं चार, हा पहिला प्रश्न. दोन केलीं तर एकेका रोटरच्या दोन वाटा एका नळींत आणून मिळवाव्या लागतात. परंतु हालतीं दारें जितकीं कमी, तितका पुढचा समतोल सोपा. ही कल्पना मुळींच नवी नव्हे. कार्ब्युरेटरच्या काळांत शर्यतीच्या रोटरी गाड्यांवर इटलींतील वेबर कंपनीचा आय्‌डीए जातीचा दोन नळ्यांचा कार्ब्युरेटर बसवीत, आणि त्याची एकेक नळी एकेका रोटरसाठीं असे. आजहि पुष्कळ थ्रॉटल बॉडी त्याच कार्ब्युरेटरच्या बोल्टांच्या मापावर करतात.

दुसरा प्रश्न व्यासाचा. मिनिटास ८००० फेऱ्यांना एक रोटर सेकंदास सुमारें ८७ लिटर हवा मागतो. नळीचा व्यास ५० मिलिमीटर धरला तर तिचें क्षेत्र १९.६ चौरस सेंटिमीटर होतें आणि हवेचा सरासरी वेग सेकंदास ४४ मीटर येतो. व्यास ६० केला तर वेग ३१ वर उतरतो. नवशिक्याला मोठें भोंक मोहांत पाडतें. पण मोठ्या दाराचा पहिला अंशभर उघडाच इतकी हवा आंत सोडतो कीं, गर्दींतून गाडी हळू काढणें जिकिरीचें होतें. म्हणून भोंक गरजेपुरतेंच ठेवावें, आणि ॲक्सिलरेटरची तार ज्या चाकावर गुंडाळली जाते तें अशा आकाराचें करावें कीं आरंभीं दार सावकाश उघडेल व पुढें झपाट्यानें.

श्रोतेहो, उघड्या दारासंबंधीं मला जें सांगावयाचें तें येथें संपलें. कारागिराची खरी परीक्षा होते ती मिटलेल्या दारापाशीं. मघांच्या ५० मिलिमीटरच्या नळीचा परीघ १५७ मिलिमीटर आहे. चकतीभोंवतीं एका बारीक केसाएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाची, फट राहिली तर तिचें एकंदर क्षेत्र सुमारें पावणेआठ चौरस मिलिमीटर भरतें. तीन मिलिमीटरांहून थोड्या मोठ्या व्यासाचें भोंक पाडल्यासारखेंच तें झालें. एंजिन जागच्या जागीं मंद चालत असतांना एका रोटरला लागणाऱ्या हवेचा फार मोठा हिस्सा एवढ्या फटींतून जाऊं शकतो. आतां एका दाराला ही केसाएवढी फट आहे आणि दुसऱ्याला नाहीं, असें समजा. एक रोटर भरपूर श्वास घेईल, दुसरा गुदमरेल. एंजिन लंगडत चालेल, आणि दोघांना सारखेंच पेट्रोल दिलें जात असेल तर एकाला तें कमी व दुसऱ्याला जास्त पडेल. एकच दार असतें तेव्हां त्याची चूक दोघांना सारखी वांटली जाते. दोन दारें झालीं कीं प्रत्येक चुकीला स्वतंत्र घर मिळतें.

म्हणून चकती कात्रीनें कापून कानशीनें घासावी, असें करून चालत नाहीं. चकती मिटते ती नळीला काटकोनांत मिटत नाहीं. अडकूं नये म्हणून ती कांहीं अंश तिरपी असते. ८ अंशांचा तिरपेपणा धरला तर ५० मिलिमीटरच्या नळीसाठीं चकतीची लांबी ५०.५ आणि रुंदी ५० मिलिमीटर लागते. हा अर्ध्या मिलिमीटरचा लंबगोल हातानें साधत नाहीं. पितळेचे तुकडे तेवढ्याच तिरप्या कोनांत एका दांड्यावर घट्ट आवळून लेथवर सगळे एकदम नळीच्या मापानें कातले, म्हणजे आकारहि बरोबर येतो आणि कडांना हवा तो उतारहि मिळतो. दोन्ही चकत्या एकाच वेळीं कातल्या गेल्यामुळें त्या एकमेकींस जुळतात, हा आणखी लाभ.

चकतीची दांडीहि अशीच चोख हवी. दांडी जेथें बॉडींतून बाहेर येते तेथें फट राहिली तर दार मिटूनहि हवा आंत शिरते. म्हणून बेअरिंग आणि त्यापुढें सील दोन्ही बसवावीं. दोन्ही दारांना एकच लांब पोलादी दांडी घालण्याचा मोह होतो. पण बॉडी ॲल्युमिनियमची असते, आणि उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादापेक्षां जवळजवळ दुप्पट वाढतें. दहा सेंटिमीटर अंतरावर ६० अंश तापमान चढलें तर दोहोंत मिलिमीटरच्या पंधराव्या भागाइतका फरक पडतो. म्हणजे पुन्हां तोच केस! त्यामुळें दांड्या वेगळ्या ठेवून मध्यें जुळवणीच्या स्क्रूची सोय असलेला सांधा देणें बरें. चकतीचे लहान स्क्रू मागून ठोकून पक्के करावे. त्यांतील एक जरी सुटला तरी त्याला जाण्यास रोटरखेरीज दुसरी वाट नाहीं.

यापुढची गोष्ट जिवाशीं संबंध ठेवणारी आहे. पाय उचलल्यावर दार मिटलें नाहीं तर गाडी थांबत नाहीं. म्हणून दार मिटविणाऱ्या स्प्रिंगा दोन असाव्या, आणि प्रत्येक एकटीनें दार मिटवूं शकेल इतकी समर्थ असावी. एक तुटली तर दुसरी उभी राहील. तारेच्या आवरणाचें टोक गाडीच्या अंगाला न बांधतां एंजिनावरच बांधावें. एंजिन रबरी उशांवर डोलत असतें. आवरण एकीकडे आणि दार दुसरीकडे झालें तर एंजिन आपल्या डोलण्यानें आपलेंच दार ओढूं लागतें.

सर्व जोडणी झाल्यावर समतोल. प्रत्येक नळीच्या कर्ण्यासारख्या तोंडाशीं हवेचा प्रवाह दाखविणारें मापक धरावें आणि दोन्ही अंक जुळेपर्यंत स्क्रू फिरवावा. जुने मिस्त्री रबरी नळीचें एक टोक कानाशीं व दुसरें तोंडाशीं धरून दोन्हींकडची फुसफुस सारखी आहे कीं नाहीं हें ऐकत. चांगल्या कानाला ती खूण आजहि पुरते. हा समतोल प्रथम मंद गतीस आणि मग दारें थोडीं उघडून पाहावा. पहिला जुळूनहि दुसरा चुकतो, तेव्हां दोष सांध्यांत आहे असें समजावें.

पेट्रोलाचा हिशेबहि आतां बदलतो. पेटी होती तेव्हां तींतील दाबावरून नियंत्रक संगणकाला हवेचा अंदाज येत असे. स्वतंत्र दारांच्या नळींत हा दाब प्रत्येक श्वासासरशीं हेलकावतो, आणि दार थोडें उघडतांच बाहेरच्या दाबाजवळ जाऊन थांबतो. म्हणून दाराचा कोन आणि दांड्याची गति या दोहोंवरून पेट्रोल ठरवावें लागतें. दोन्ही नळ्यांतून बारीक रबरी नळ्या एका लहान डबींत आणून दाब घेतला, तर तोहि मदतीस येतो. ब्रेकला लागणारें निर्वातहि असेंच गोळा करावें.

रोटरी एंजिनाच्या बाबतींत या हिशेबाला फार किंमत आहे. रोटरच्या टोकांना ॲपेक्स सील नांवाच्या बारीक पट्ट्या असतात. पेट्रोल कमी पडून कप्प्यांत अवेळीं स्फोट झाला तर त्या फुटतात, आणि तुकडे बाहेर पडतांना घराच्या गुळगुळीत भिंतीवर ओरखडे काढून जातात. नेहमींच्या एंजिनांत नळकांडें पुन्हां कातून मोठें करतां येतें; हें वक्र घर तसें कातून वापरतां येत नाहीं. या पट्ट्यांना वंगण म्हणून कारखान्यानें एका लहान पंपानें थेंब थेंब तेल सोडण्याची योजना केलेली असते, आणि त्याच्या कांहीं तोट्या मूळ नळ्यांवरच असतात. नळ्या काढल्या कीं तोट्याहि जातात. तेव्हां त्या नव्या नळ्यांवर बसवाव्या किंवा पेट्रोलांतच योग्य तें तेल मिसळावें. शेवटीं गाळणी. उघडे चकचकीत कर्णे डोळ्यांस सुंदर दिसतात. परंतु रस्त्यावरची धूळ त्याच वाटेनें जाऊन त्याच पट्ट्यांना घासते.

सारांश, स्वतंत्र दारांनीं मिळतें तें एंजिनाचें आज्ञाधारकपण. आणि त्याबदल्यांत कारागिरानें द्यावयाची ती केसाएवढ्या फटीवरची नजर. पट्टी पूर्ण दाबून गाडी किती पळते हें कोणीहि सांगूं शकेल. कोणीं आपणांस अशी गाडी दाखविली, तर ती मंद चालत असतांना क्षणभर तिच्याजवळ उभे राहा आणि कान द्या. दोन्ही श्वास सारखे ऐकूं आले, आणि पाय उचलतांच ते तत्काळ शांत झाले, तर तें काम जाणत्या हातचें आहे असें खुशाल समजावें.